तापमानाचा आकडा एका श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत नेताना: कारखान्यात नव्याने आलेल्यांसाठी

नाशिकमधल्या बहुतेक घरांत तापमानाच्या दोन मापनश्रेणी एकाच दिवशी वापरल्या जातात. मुलाला ताप भरला की आई थर्मामीटर पाहून ‘१०२ आहे’ असे सांगते, आणि त्याच संध्याकाळी बातम्यांत निफाडचा पारा ५ अंशांपर्यंत उतरल्याचे कळते. पहिला आकडा फॅरनहाइटमधला आणि दुसरा सेल्सिअसमधला असतो; तसे कोणी बोलून दाखवत नाही आणि घरात त्यावाचून काही अडतही नाही, कारण १०२ अंश सेल्सिअस ताप माणसाला येऊच शकत नाही. कारखान्यात ही सोय नसते. टेम्परिंग, म्हणजे कडक केलेल्या पोलादाचा ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा बेताने तापवणे, ४०० अंश फॅरनहाइटला होते आणि ४०० अंश सेल्सिअसलाही होते, आणि भट्टी दोन्ही आकडे सारख्याच निमूटपणे गाठून दाखवते.

मी शिकाऊ म्हणून अंबडच्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये असताना नेमके हेच घडले. जॉब कार्डवर टेम्परिंगसमोर नुसते ‘४००’ लिहिलेले होते. मूळ ड्रॉइंग परदेशी ग्राहकाचे असल्याने तो आकडा फॅरनहाइटमधला, म्हणजे सुमारे २०४ अंश सेल्सिअस होता. आमचा कंट्रोलर, म्हणजे भट्टीचे तापमान राखणारे उपकरण, सेल्सिअसवर होता आणि मी त्यावर ४०० लावले. जॉब ईएन ३१ पोलादाचे होते. रॉकवेल कडकपणा ६० च्या आसपास यायला हवा होता, तो ५० च्या घरात आला, आणि अख्खी बॅच पुन्हा तापवून, पुन्हा पाणी देऊन (म्हणजे झटकन थंड करून कडक करून) करावी लागली. रूपांतराचे सूत्र मला तेव्हाही तोंडपाठ होते. ते वापरण्याआधी विचारायचे प्रश्न मला कोणी शिकवलेले नव्हते, आणि म्हणून हा लेख सूत्रापासून सुरू न करता त्या प्रश्नांपासून सुरू करीत आहे.

पहिली पायरी: आकड्याचे एकक शोधा

एकक लिहिलेले नसलेला तापमानाचा आकडा हा अर्धवट आकडा आहे, असे पक्के धरून चाला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील टीप, यंत्राची नेमप्लेट, पुस्तिकेतील कोष्टकाचा मथळा, कंट्रोलरच्या पडद्यावरचे ‘सी’ किंवा ‘एफ’ हे अक्षर, यांपैकी कुठेतरी एकक सापडतेच. नाही सापडले तर सुपरवायझरला विचारा आणि मिळालेले उत्तर जॉब कार्डवर त्या आकड्याशेजारी स्वतःच्या हाताने लिहा. अंदाजाने एकक ठरवू नका, कारण पोलादाच्या कामात ३०० ते १००० या पट्ट्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा दोन्ही श्रेणींत पटण्यासारखा दिसतो.

तुमच्यासमोर चार श्रेणी येऊ शकतात. सेल्सिअस आपल्याकडे रोजची. फॅरनहाइट अमेरिकी यंत्रांच्या आणि अमेरिकी ग्राहकांच्या कागदांतून येते. केल्व्हिन वायू, किरणोत्सर्जन आणि कार्यक्षमतेच्या गणितांत लागते. रँकिन ही केल्व्हिनसारखीच निरपेक्ष शून्यापासून मोजणारी, पण फॅरनहाइटच्या आकाराचे अंश वापरणारी श्रेणी असून ती जुन्या अमेरिकी पुस्तकांबाहेर फारशी भेटत नाही. इतिहास थोडक्यात असा की फॅरनहाइट यांनी आपली श्रेणी १७२४ मध्ये मांडली आणि सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये, तीही उलटी: पाणी उकळते तेथे ० आणि गोठते तेथे १००. ती सुलटी नंतर झाली. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी निरपेक्ष श्रेणीची कल्पना १८४८ मध्ये मांडली. ‘सेंटिग्रेड’ हे नाव १९४८ मध्ये अधिकृतपणे मागे पडून ‘सेल्सिअस’ आले. त्यामुळे जुन्या यंत्रावर सेंटिग्रेड दिसले तर गोंधळू नका, ते तेच आहे. केल्व्हिनच्या आकड्यापुढे मात्र ‘अंश’ लिहायचे नसते; ३०० केल्व्हिन एवढेच लिहावे.

दुसरी पायरी: हे तापमान आहे की तापमानातील फरक?

या लेखात मला सर्वांत जास्त वेळ येथे थांबायचे आहे, कारण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका याच जागी झालेल्या आहेत.

अशी कल्पना करा की नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन प्रकारचे दगड रोवलेले आहेत. एका प्रकारच्या दगडांवर मैल आहेत आणि त्यांची मोजणी नाशिकपासून सुरू होते. दुसऱ्या प्रकारच्या दगडांवर किलोमीटर आहेत, पण त्यांची मोजणी मागे साधारण ३० किलोमीटरवर असलेल्या पिंपळगाव बसवंतपासून सुरू होते. आता इगतपुरीच्या मैलाच्या दगडावरून तेथला किलोमीटरचा दगड काढायचा असेल, तर मैलांना १.६ ने गुणावे लागेल आणि त्यात ३० मिळवावे लागतील. पण घोटी ते इगतपुरी हे अंतर मैलांतून किलोमीटरमध्ये न्यायचे असेल, तर नुसते १.६ ने गुणायचे. त्यात ३० मिळवण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही, कारण मोजणी कुठून सुरू झाली याचा दोन गावांमधल्या अंतराशी काही संबंध नाही.

सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचे नाते अगदी असेच आहे. पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंत सेल्सिअसचे १०० अंश होतात आणि फॅरनहाइटचे १८०, म्हणून सेल्सिअसचा एक अंश फॅरनहाइटच्या १.८ अंशांएवढा भरतो. आणि फॅरनहाइटची मोजणी ३२ अंश खालून सुरू होते. ‘भट्टी ८५० अंशांवर ठेवा’ हा दगडावरचा आकडा झाला. ‘भट्टीचे तापमान २५ अंशांपेक्षा जास्त हलता कामा नये’ हे अंतर झाले. टॉलरन्स (आकड्याला दिलेली कमी-जास्तीची मुभा), तापमानवाढ, हिस्टेरिसिस (कंट्रोलर बंद होण्याच्या आणि पुन्हा चालू होण्याच्या तापमानांतले अंतर), ऑफसेट (सेन्सरच्या आकड्यात केलेली दुरुस्ती), तापवण्याचा वेग, प्रसरण गुणांक आणि उष्णतावहनाचे गुणांक ही सगळी अंतरे आहेत, आणि त्यांच्या रूपांतरात ३२ ला किंवा २७३.१५ ला कधीही जागा नाही.

उदाहरण म्हणून ‘१५५० ± २५ अंश फॅरनहाइट’ ही सूचना घ्या. १५५० हे तापमान आहे: त्यातून ३२ वजा केले की १५१८, त्याला १.८ ने भागले की ८४३.३ अंश सेल्सिअस. २५ हा फरक आहे: त्याला नुसते १.८ ने भागायचे, उत्तर १३.९. नवशिका माणूस २५ मधूनही ३२ वजा करतो आणि त्याच्या हाती उणे ३.९ असा अर्थहीन टॉलरन्स येतो. हे निदान डोळ्यांना खटकते तरी. उलट दिशेची चूक अधिक घातक असते, कारण १४ अंश सेल्सिअसचा टॉलरन्स फॅरनहाइटमध्ये २५.२ होण्याऐवजी ५७.२ लिहिला गेला, तर तो कोणालाही खटकत नाही आणि भट्टीला दुपटीहून जास्त मोकळीक मिळते.

दुसरे उदाहरण मोटरचे. नेमप्लेटवर किंवा कॅटलॉगमध्ये ‘तापमानवाढ ८० के’ असे लिहिलेले असते. येथला ‘के’ केल्व्हिनचा आहे, आणि एका नव्या मुलाने त्यातून २७३ वजा करून उणे १९३ अंश सेल्सिअस असे उत्तर मला आणून दाखवले होते. फरक मोजताना एक केल्व्हिन आणि एक अंश सेल्सिअस यांत काहीही फरक नाही. ८० केल्व्हिनची वाढ म्हणजे ८० अंश सेल्सिअसची वाढ, म्हणजेच १४४ अंश फॅरनहाइटची वाढ. भोवतालची हवा ४० अंशांवर असेल, तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, सरासरी १२० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ.

मोजमापाच्या खोलीत हीच चूक वेगळ्या वेशात येते. लांबीच्या मापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस, म्हणजे ६८ अंश फॅरनहाइट आहे. समजा, मे महिन्यात सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ५०० मिलिमीटर लांबीचा पोलादी शाफ्ट ३८ अंशांवर मोजला. पोलादाचा प्रसरण गुणांक दर अंश सेल्सिअसला साधारण ११.७ दशलक्षांश धरला, तर १८ अंशांच्या फरकाने शाफ्ट १०५ मायक्रॉनने वाढलेला असेल. आता हातातल्या पुस्तकात गुणांक दर अंश फॅरनहाइटला ६.५ दशलक्षांश असा दिलेला असेल आणि तुम्ही त्याला तसाच १८ ने गुणलात, तर उत्तर सुमारे ५८ मायक्रॉन येईल. उरलेले ४७ मायक्रॉन कुठे गेले हे शोधण्यात दिवस जाईल, आणि दोष मात्र मायक्रोमीटरला दिला जाईल. येथे १८ ला आधी १.८ ने गुणून ३२.४ अंश फॅरनहाइट करावे लागतात. मग दोन्ही वाटांनी १०५ च येते.

तिसरी पायरी: सूत्र लावा

हे दोन प्रश्न सुटले की सूत्रे सोपी आहेत. तापमानासाठी:

फॅरनहाइट = (सेल्सिअस × १.८) + ३२
सेल्सिअस = (फॅरनहाइट − ३२) ÷ १.८
केल्व्हिन = सेल्सिअस + २७३.१५
रँकिन = फॅरनहाइट + ४५९.६७

फरकासाठी: १ अंश सेल्सिअस = १ केल्व्हिन = १.८ अंश फॅरनहाइट = १.८ अंश रँकिन.

क्रम सांभाळा. फॅरनहाइटकडून येताना आधी ३२ वजा, मग भागाकार. सेल्सिअसकडून जाताना आधी गुणाकार, मग ३२ ची बेरीज. कॅल्क्युलेटरवर १५५० − ३२ ÷ १.८ असे एका दमात टाकले, तर अनेक कॅल्क्युलेटर भागाकार आधी करतात आणि उत्तर १५३२.२ येते. कंस टाका, किंवा वजाबाकी करून ‘बरोबर’चे बटण दाबा आणि मगच भागा.

उणे आकड्यांत घाई करू नका. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी भागातल्या द्राक्षांच्या शीतगृहांत आणि कंटेनरमध्ये हा प्रश्न हंगामभर येतो. द्राक्षांसाठी उणे ०.५ अंश सेल्सिअस लावायचे असेल, तर १.८ ने गुणून उणे ०.९ आणि त्यात ३२ मिळवून ३१.१ अंश फॅरनहाइट होते. उणे चिन्ह हरवले तर ३२.९ होईल, आकड्यांत हा फरक किरकोळ दिसतो, पण महिनाभराच्या प्रवासात मालाच्या टिकण्यावर तो दिसू शकतो. दुसऱ्या बाजूला द्राक्षमणी उणे २ अंशांच्या, म्हणजे २८.४ अंश फॅरनहाइटच्या आसपास गोठू लागतात, त्यामुळे खालच्या अंगालाही जागा फार नाही.

चौथी पायरी: तोंडी पडताळा घ्या

सेल्सिअसकडून फॅरनहाइटकडे जाण्याची एक तोंडी रीत आहे आणि ती अंदाजाची नसून अगदी अचूक आहे: आकडा दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करा, ३२ मिळवा. ८५० ची दुप्पट १७००, त्यातून १७० गेले की १५३०, अधिक ३२ म्हणजे १५६२. उलट येताना ३२ वजा करा, निम्मे करा, त्यात त्याचा दहावा भाग आणि पुन्हा शंभरावा भाग मिळवा. १५५० मधून ३२ गेले की १५१८, निम्मे ७५९, त्यात ७५.९ आणि ७.६ मिळवले की ८४२.५. खरे उत्तर ८४३.३ आहे, म्हणजे पडताळ्यापुरते हे पुष्कळ झाले.

काही जोड्या मात्र पाठच असाव्यात: ० म्हणजे ३२, २० म्हणजे ६८, ३७ म्हणजे ९८.६, १०० म्हणजे २१२, आणि उणे ४० ला दोन्ही श्रेणींचा आकडा एकच. नवे कोष्टक किंवा मोबाइलवरचे नवे ॲप हाती आले की मी सर्वांत आधी त्यात उणे ४० घालून पाहतो. तेथे उत्तर बदलले, तर ते कोष्टक बाजूला ठेवतो.

पाचवी पायरी: गुणोत्तर आले की केल्व्हिनकडे वळा

तापमानाला तापमानाने भागायचे असेल किंवा त्याचा घात घ्यायचा असेल, तर सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही बाजूला ठेवा. त्यांचे शून्य सोयीसाठी निवडलेले आहे. २० अंश सेल्सिअस हे १० अंशांच्या दुप्पट गरम नसते. निरपेक्ष शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला आहे आणि गुणोत्तराला अर्थ येतो तो तेथून मोजल्यावरच.

समजा, कॉम्प्रेसरची हवेची टाकी जानेवारीच्या पहाटे १२ अंशांवर असताना ७ बार गेज दाबाने (म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा ७ बार जास्त दाबाने) भरून बंद केली आणि दुपारी उन्हात ती ४० अंशांपर्यंत तापली. सेल्सिअसचे गुणोत्तर घेतले तर ४० भागिले १२, म्हणजे दाब तिप्पट झाला असे निघेल आणि सगळे टाकीपासून पळतील. प्रत्यक्षात १२ अंश म्हणजे २८५.१५ केल्व्हिन आणि ४० अंश म्हणजे ३१३.१५ केल्व्हिन, त्यांचे गुणोत्तर १.०९८. दाबालाही हाच न्याय लावावा लागतो, कारण गेज दाबाचे शून्य हे सेल्सिअसच्या शून्यासारखेच सोयीचे शून्य आहे. नाशिकला वातावरणाचा दाब ०.९४ बारच्या आसपास असतो, म्हणून निरपेक्ष दाब ७.९४ बार, त्याला १.०९८ ने गुणले की ८.७२, आणि त्यातून ०.९४ वजा केले की गेजवर सुमारे ७.८ बार दिसायला हवेत.

एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी शिकायला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ५४० अंशांची वाफ आणि ४० अंशांचा कंडेन्सर धरून आदर्श कार्यक्षमतेची मर्यादा (१ वजा थंड तापमान भागिले गरम तापमान) काढताना सेल्सिअस वापरले, तर ती ९२.६ टक्के येते. केल्व्हिन वापरल्यावर ६१.५ टक्के. पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवणाऱ्याला चांगले चाललेले संयंत्रही बिघडलेले वाटेल.

सहावी पायरी: पूर्णांक आतल्या बाजूने करा

८४३.३ ± १३.९ हे कंट्रोलरवर कोणी लावत नाही. पण ते ८४३ ± १४ करण्याआधी दोन्ही टोके तपासा. १५२५ अंश फॅरनहाइट म्हणजे ८२९.४ आणि १५७५ म्हणजे ८५७.२ अंश सेल्सिअस. ८४३ उणे १४ म्हणजे ८२९ होतात, आणि ते खालच्या मर्यादेच्या ०.४ अंश बाहेर आहे. म्हणून येथे ± १३ लिहावे. टोकांचे आकडे नेहमी मर्यादेच्या आत येतील असेच पूर्णांकात बसवावेत. अर्ध्या अंशाने पोलाद बिघडत नसले, तरी ऑडिटला येणारा माणूस कागद पाहतो आणि त्याचे म्हणणे कागदापुरते बरोबरच असते. उलट बाजूने ‘सुमारे ४०० अंश फॅरनहाइट’ या ढोबळ सूचनेचे ‘२०४.४४ अंश सेल्सिअस’ करणे हेही चूक आहे, कारण मूळ आकड्यात नसलेला नेमकेपणा रूपांतराने येत नाही.

सातवी पायरी: कंट्रोलर आणि सेन्सर तपासा

थर्मोकपलला, म्हणजे तापमानानुसार सूक्ष्म व्होल्टेज देणाऱ्या दोन धातूंच्या सेन्सरला, कोणतीच श्रेणी माहीत नसते. के प्रकारचे थर्मोकपल दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते आणि श्रेणीचे नाव कंट्रोलर ठरवतो. एककाची सेटिंग बदलली की काही कंट्रोलर सेट पॉइंट (लावलेले तापमान) आणि अलार्मचे आकडे स्वतः रूपांतरित करीत नाहीत. म्हणून एकक बदलल्यावर सेट पॉइंट, वरचा व खालचा अलार्म, हिस्टेरिसिस आणि ऑफसेट हे पाचही आकडे एकेक करून पाहा, आणि यांतले शेवटचे दोन फरक आहेत हे विसरू नका: ५ अंश सेल्सिअसचा हिस्टेरिसिस ९ अंश फॅरनहाइट होतो, ४१ होत नाही.

सेन्सरची ढोबळ तपासणी बर्फाने आणि उकळत्या पाण्याने करता येते. थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ घट्ट भरा, फटी भरण्यापुरतेच पाणी ओता, ढवळा आणि सेन्सरचे टोक तळाला न टेकवता मधोमध धरा. काही मिनिटांत ० अंश सेल्सिअस किंवा ३२ अंश फॅरनहाइट दिसले पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र नाशिकला १०० ची वाट पाहू नका. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि येथे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे २०८.४ अंश फॅरनहाइटच्या आसपास उकळते. एका शिकाऊ मुलाने पडद्यावर ९८ पाहून इमानेइतबारे अधिक २ चा ऑफसेट टाकला होता आणि चांगल्या चालणाऱ्या सेन्सरला दोन अंश चुकीचे दाखवायला लावले होते.

शेवटी: स्वतःचा तक्ता

भट्टीशेजारी लावायचा तक्ता स्वतः करा. आयता छापील घेऊ नका, कारण तो तयार करतानाच हात बसतो. डाव्या स्तंभात तुमच्या शॉपमध्ये खरोखर येणारी तापमाने ५० अंश फॅरनहाइटच्या टप्प्याने लिहा, समोर सेल्सिअस लिहा, आणि प्रत्येक ५० अंश फॅरनहाइटला सेल्सिअसमध्ये २७.८ ची वाढ होते की नाही ते खालपासून वरपर्यंत तपासा. त्याच कागदावर, पण जाड रेघ मारून वेगळ्या चौकटीत, वेगळ्या रंगाच्या शाईने फरकांचा तक्ता करा: ५ अंश फॅरनहाइट म्हणजे २.८, १० म्हणजे ५.६, १५ म्हणजे ८.३, २५ म्हणजे १३.९. आमच्या शॉपमध्ये तापमानाचा तक्ता काळ्या शाईत आणि फरकांचा लाल शाईत असे. जॉब कार्डवरही टॉलरन्सचा आकडा लाल पेनानेच लिहावा लागे, आणि लाल आकडा असेल तर काळ्या तक्त्याकडे पाहायचे नाही, हे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले जाई.